जुन्या पीसीतली रिकामी रॅम कामाला लावा

माझ्या डेस्कटॉपला ८ जीबी रॅम आहे, हार्ड डिस्क मात्र जुनी, कुरकुरणारी. दिवसभर बिलं आणि ब्राउझर एवढंच काम, त्यामुळे निम्मी रॅम नुसती बसून असते.

आधी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ बघा. ‘अव्हेलेबल’खाली ३ जीबी तरी दिसले तरच पुढे जा.

मग फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ (अर्थात इंग्रजीत) टाइप करा, इशारा स्वीकारा, ‘ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल’ शोधून ट्रूचं फॉल्स करा. आता कॅश, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ साठवलेला डेटा, डिस्कऐवजी रॅममध्ये राहते. ब्राउझर बंद केला की ती पुसली जाते, म्हणून सकाळचं पहिलं पान जरा रेंगाळतं. मला चालतं.

फुकटचे ‘रॅम बूस्टर’ मात्र लांबच ठेवा. विंडोजने मुद्दाम भरून ठेवलेली कॅशच ते रिकामी करतात!