पद्मिनीचा कुजलेला फ्लोअर बदलताना

पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात उभी राहिलेली प्रीमियर पद्मिनी असेल, तर इंजिनाआधी फ्लोअर बघा. मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. टोक आत घुसलं की पत्रा गेला. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. गंजावर पुट्टी थापणाऱ्याच्या हाती गाडी देऊच नका.

आधी बॅटरी सोडवा, सीट काढा, खालून जाणारे पेट्रोल आणि ब्रेकचे पाइप बाजूला करा. पाण्याची बादली जवळ असू द्या.

ठिगळाला २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर बाधतो. मिग वेल्डिंगला (यात वायर आपोआप पुढे सरकते) ०.८ मिमीची वायर. सलग ओढलंत तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. म्हणून दोन-दोन इंचांवर वेल्डिंगचे टाके, मग मधल्या जागा आलटून पालटून भरायच्या, प्रत्येक वेळी गार होऊ देत. दाराखालची सिल (बॉडीची आडवी पट्टी) कुजली असेल, तर कापण्याआधी बॉडीला आधार द्या, नाहीतर नंतर दार बसत नाही.

त्याच दिवशी घासून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), खालून अंडरकोट (गंज रोखणारा जाड थर). पाणी निघायची भोकं तेवढी उघडी ठेवा. शेवटी पुढच्या काचेवर पाइपने पाणी सोडा. बऱ्याचदा पाणी तिथल्या रबरातूनच आत उतरत असतं.