सुपरहिरोपटाच्या डिस्कची पारख करताना या चुका टाळा

रात्रीचं दृश्य होतं. काळ्या पोशाखातला नायक गच्चीच्या कठड्यावर उभा होता आणि माझ्या पडद्यावर तो, कठडा आणि मागचं आकाश सगळं मिळून एकच काळा ठिपका झालं होतं. ‘ब्लू-रे डिस्क खराब बनवली आहे’ असं मी ठरवून टाकलं. दोन दिवसांनी सेटिंग चाळताना कारण सापडलं. प्लेअर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड ० ते २५५ या पूर्ण पट्ट्यात पाठवत होता आणि टीव्ही १६ ते २३५ च्या पट्ट्याची वाट पाहत होता. सोळाच्या खालचं सगळं टीव्हीने सरसकट काळं करून टाकलं होतं. हाच घोळ उलटा झाला असता, तर चित्र धुरकट, पांढुरकं दिसलं असतं. दोन्ही ठिकाणची सेटिंग एकसारखी केली आणि त्याच डिस्कवर पोशाखाची वीण दिसायला लागली.

तेव्हापासून खटकलेल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारतो: हे कुणाचं? चित्रपट बनवणाऱ्यांचं, डिस्क बनवणाऱ्यांचं की माझ्या घरच्या जोडणीचं? सुपरहिरोपटात हा प्रश्न फार टोकदार होतो. अंधार, धूर, संगणकावर घडवलेली शहरं, क्षणात कुजबुजीवरून स्फोटावर जाणारा आवाज, असं सगळं एकाच चित्रपटात येतं आणि जोडणीतली प्रत्येक कच्ची कडी उघडी पडते.

टीव्ही दुकानातल्या अवस्थेत ठेवून निकाल देणं

‘व्हिव्हिड’ मोड उजेडाने भरलेल्या दुकानात लक्ष वेधण्यासाठी असतो. त्यात चेहरे निळसर होतात आणि लाल झगा भडक दिसतो. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड निवडा, शार्पनेस खाली आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आहे. मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः रचल्या की कोट्यवधींचे व्हीएफएक्स दूरदर्शन मालिकेसारखे दिसतात आणि दोष मात्र डिस्कवर जातो.

एचडीआर म्हणजे सगळंच जास्त उजळ, असं मानणं

सर्वाधिक तक्रारी इथे येतात: ‘साध्या ब्लू-रेपेक्षा ४के डिस्क काळोखी आहे.’ पुष्कळदा ती काळोखी नसते. एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या चित्रपद्धतीत, चेहरे, भिंती, रस्ते यांचा उजेड साधारण पूर्वीइतकाच राहतो. वाढतात ती टोकं: वीज, ठिणगी, चिलखतावरची चमक. शिवाय साध्या चित्राचा उजेड आपण खोलीनुसार हवा तेवढा वाढवत आलो आहोत. एचडीआरमध्ये कोणता बिंदू किती निट्सचा (निट हे उजेडाचं माप) हे सिग्नलच सांगतो आणि ते गणित अंधाऱ्या खोलीसाठी केलेलं असतं. दुपारी पडदे उघडे ठेवून बघितलं, तर सावल्यांतला तपशील डिस्कवर असूनही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, डिस्कचं मास्टर (ती ज्यावरून बनते ती मूळ प्रत) १००० किंवा ४००० निट्सचं असू शकतं आणि तुमचा टीव्ही ५००–६०० पर्यंतच जात असेल. मग वरचा सगळा उजेड खाली दाबून बसवावा लागतो. हे काम टीव्ही करतो आणि प्रत्येक टीव्ही ते वेगळं करतो. एचडीआर१० या प्रकारात सगळ्या चित्रपटासाठी उजेडाबद्दल एकच सूचना असते, डॉल्बी व्हिजन या प्रकारात ती दृश्यागणिक बदलू शकते. त्यामुळे एकाच डिस्कबद्दल दोन घरांत दोन मतं निघाली, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

तक्रार करण्याआधी एवढं बघा: वीजबचतीची सोय आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर बंद आहे का, टीव्हीवरच्या त्या एचडीएमआय पोर्टला पूर्ण क्षमतेचा सिग्नल घेण्याची परवानगी दिली आहे का, आणि एचडीआर सुरू असताना चित्राची सेटिंग पुन्हा तपासली आहे का. बरेच टीव्ही एचडीआरची सेटिंग वेगळी साठवतात. साध्या चित्रासाठी केलेली मेहनत तिथे लागू होत नाही.

कलाकारांनी घेतलेला निर्णय दोष समजणं

‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) बघताना पार्श्वभूमीतले रंग एकमेकांवरून सरकलेले दिसतात, जणू थ्रीडी चित्रपट चष्म्याशिवाय बघतोय. ती जुन्या कॉमिक्सच्या छपाईत रंगांचे ठसे हलायचे त्याची आठवण आहे. सुरुवातीला नायक माइल्सची हालचाल अडखळत होते, कारण ती बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांत रचली आहे. तो नवखा आहे हे शरीरातून दिसावं म्हणून. प्लेअर अडकतोय असं समजून केबल बदलणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. इतकी सुंदर कल्पना त्यांच्या हातून निसटते.

१९७८ चा ‘सुपरमॅन’ मऊ, धुक्यातला दिसतो. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ यांची ती शैली होती. ४के डिस्कने तिला धारदार केलं असतं, तर ती मोडतोड ठरली असती. फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटांतला ग्रेनही (फिल्मचे दाणे) तसाच. बारीक, सतत हलणारा ग्रेन हे चांगल्या डिस्कचं लक्षण आहे. तो पुसून काढला की चेहरे मेणाचे होतात आणि तो मात्र डिस्क बनवणाऱ्यांचा खरा दोष.

काळ्या पट्ट्यांचंही असंच. ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेली दृश्यं आली की पट्ट्या जातात, पुन्हा येतात. ‘झॅक स्नायडर्स जस्टिस लीग’ (२०२१) चौकोनी वाटावा असा १.३३:१ प्रमाणात आहे, म्हणून पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला. दोन्ही जाणूनबुजून केलेलं आहे. झूम करून पडदा भरू नका.

वेष्टनावरच्या ‘४के’ ला तपशिलाची हमी समजणं

अनेक सुपरहिरोपटांचं अंतिम मास्टर २के मध्ये, म्हणजे ४के च्या पाव पिक्सेलमध्ये, तयार झालं आणि डिस्कसाठी ते मोठं केलं गेलं. व्हीएफएक्स त्या आकारात रचलेले असतील, तर चौपट पिक्सेलने नवा तपशील जन्माला येत नाही. तरीही अशा डिस्क चांगल्या दिसू शकतात, कारण फायदा १०-बिट, म्हणजे जास्त बारीक छटांच्या, रंगांत आणि उजेडाच्या पल्ल्यात असतो. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडतात की ते एकमेकांत विरघळतात, हे बघा. पिक्सेल मोजण्यापेक्षा ते जास्त सांगून जातं.

आवाजाला कमी लेखण्याआधी तो कुठून येतोय हे न बघणं

डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) असेल तर तो डिस्कवर ट्रूएचडीसोबत येतो. पण प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला ऑप्टिकल केबलने जोडला असेल, तर यातलं काहीच पलीकडे जात नाही. पोहोचतो तो गाळीव ५.१ (सहा वाहिन्यांचा) आवाज, कधी फक्त स्टीरिओ. साध्या एआरसीवरही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बाहेर नेणारी सोय) ट्रूएचडी जात नाही. प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला) जोडा, नाहीतर टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, हवी. डिस्प्लेवर कोणतं नाव उमटतं ते वाचा. अनुमान करू नका.

एक लपलेली जागा: प्लेअरमधलं ‘सेकंडरी ऑडिओ’. मेनूचे क्लिक वगैरे मिसळण्यासाठी ते असतं आणि चालू राहिलं तर अ‍ॅटमॉस नाहीसा होतो. ते बंद करा आणि आवाज ‘बिटस्ट्रीम’ वर (प्लेअरने तो न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) ठेवा.

आता ‘आवाजात दम नाही’ ही तक्रार. काही डिस्कचा आवाज खालच्या पातळीवर भरलेला असतो. हा दर्जाचा दोष नाही, व्हॉल्यूम चार पावलं वाढवून बघा. दोन आवृत्त्यांची तुलना करताना तर संवाद सारख्याच उंचीवर ऐकू येतील असं आधी जुळवून घ्या, कारण कानाला मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. व्हॉल्यूम वाढवूनही स्फोट आणि कुजबुज जवळजवळ एकाच उंचीची राहिली, तर रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ (मोठे आवाज दाबणारी सोय) तपासा. तोही बंद असेल, तर डिस्कवरचं मिश्रणच दाबलेलं आहे असं म्हणायला आधार मिळतो. उलट संवाद ऐकू येत नसतील, तर टीव्ही ५.१ आवाज स्वतःच्या दोन स्पीकरमध्ये कोंबतोय का ते बघा. संवादांची जागा मधल्या स्पीकरची असते.

सबवूफर फुगवून घर हादरवणं ही पारख नव्हे. चांगल्या मिश्रणात इमारत कोसळताना घरघर असते आणि त्याच वेळी काचांचे तुकडे वेगळे ऐकू येतात.

चित्र अडकणं, चौकोन फुटणं बहुधा बोटांच्या ठशांमुळे होतं. तीन थरांच्या १०० जीबी डिस्क याबाबत फार नाजूक असतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि तरीही त्याच जागी, दुसऱ्या प्लेअरवरही अडकली, तरच परत करा.

मी आता नव्या डिस्कवर तीन तुकडे निवडतो: दिवसाच्या उजेडातला एक चेहरा, धूर किंवा पाऊस असलेली एक रात्र, आणि शांत संभाषणानंतर लगेच येणारी एक धडक. खोली अंधारी, सेटिंग तीच, व्हॉल्यूम तोच. काही खटकलं तर लगेच, कशालाही हात न लावता, ओळखीच्या चांगल्या डिस्कवरचे तसेच तुकडे लावतो. खटकलेलं तिथेही दिसलं, तर परीक्षण बाजूला ठेवून मी केबल आणि सेटिंगकडे वळतो.