कामावर अंगठा गमावल्यास भरपाई कशी मोजावी
यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, कामगाराचा अंगठा गेला, तर भरपाईचा हिशेब 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या सूत्राने करावा: मासिक वेतनाचे 60 टक्के काढून त्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावे आणि त्यातून अपंगत्वाच्या टक्केवारीइतका भाग घ्यावा. वेतन 12,000 रुपये आणि पूर्ण वय 30 असल्यास गुणक 207.98 येतो, अंगठ्याचे 30 टक्के धरून सुमारे 4,49,237 रुपये होतात. दवाखान्याचा खर्च यातून वजा होत नाही. काही मालक दहा-वीस हजार हातावर टेकवून कोऱ्या कागदावर उरलेल्या अंगठ्याचा ठसा मागतात. तो मुळीच देऊ नये. हजेरीच्या चिठ्ठ्या जपाव्यात आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा.