डॉसवर रक्कम उणे का येत होती

काकांच्या दुकानातला २८६ प्रोसेसरचा जुना डॉस कॉम्प्युटर अजून चालतो. त्यावर बिलाचा छोटा प्रोग्रॅम मी टर्बो सी २.०१ या सी भाषेच्या जुन्या कंपायलरमध्ये लिहिला. २५० नग, दर १६० टाकला आणि रक्कम आली -२५५३६. हव्या होत्या ४००००.

तोच कोड घरच्या पेंटियमवर डीजेजीपीपी या डॉसच्याच दुसऱ्या सी कंपायलरने कंपाइल केला, तर उत्तर बरोबर! तिथेच उलगडा झाला. डीजेजीपीपीचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार, ३२ बिटांचा, टर्बो सीचा १६ बिटांचा. १६ बिटांत ३२७६७ च्या पुढचा आकडा मावतच नाही. चूक माझ्याच कोडमध्ये होती.

मग रकमेचा व्हेरिएबल लाँग, म्हणजे ३२ बिटांचा मोठा पूर्णांक केला. तरीही -२५५३६. इथे माझा अख्खा रविवार गेला. कारण गुणाकार आधी इंटमध्येच होतो आणि बिघडलेला आकडा लाँगमध्ये जातो. नगाच्या आधी कंसात लाँग लिहून कास्ट केला, म्हणजे गुणाकाराआधीच नगाचा प्रकार बदलला, आकडा छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये '%डी'चं '%एलडी' केलं, आणि ४०००० उमटले.

डीजेजीपीपीच का वापरला नाही? त्याचे प्रोग्रॅम ३२ बिटी, किमान ३८६ लागतो, शिवाय डॉसवर ३२ बिटी प्रोग्रॅम चालवून देणारं सीडब्ल्यूएसडीपीएमआय सोबत द्यावं लागतं. मोठ्या ॲरेंसाठी, म्हणजे आकड्यांच्या लांब याद्यांसाठी मात्र तो फार सुखाचा, मेमरीच्या ६४ केबीच्या तुकड्यांची (सेगमेंटची) कटकटच नाही.

आता मी ओपन वॉटकॉम या तिसऱ्या कंपायलरवर आलोय. लॅपटॉपवर त्याच्या डब्ल्यूसीएल कमांडने १६ बिटी फाइल बनवतो, फ्लॉपीवर नेतो. ३२ बिटी हवी तर डब्ल्यूसीएल३८६ आहेच. पण दुकानातच बसून दुरुस्ती करायची असेल, तर टर्बो सीचा निळा स्क्रीनच बरा.