लेझर, एक तार आणि पोलरॉइडचे चार तुकडे: पट्टे घालवायचे कसे आणि परत आणायचे कसे

डबल स्लिटबद्दल (एकाच प्रकाशाला दोन वाटा दिल्या की स्क्रीनवर उजेड-काळोखाचे पट्टे पडतात, त्या प्रयोगाबद्दल) थोडंफार वाचलेला माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो, की "आपण बघितलं की पॅटर्न बदलतो". मग कोणी स्क्रीनसमोर कॅमेरा लावून बघतो, कोणी खोलीबाहेर जाऊन परत येतो, आणि काहीच बदलत नाही, कारण स्क्रीनकडे बघण्याचा या सगळ्याशी संबंधच नाही. प्रकाश कोणत्या बाजूने आला याची खूण प्रकाशावरच राहिली तर पट्टे जातात, आणि ती खूण लावणं आणि नंतर पुसणं हे दोन्ही घरच्या टेबलावर जमतं. मी हे इतक्यांदा केलंय की आता तासाभरात सेटअप उभा राहतो. पहिल्यांदा मात्र जवळपास महिना गेला, कुठे ते पुढे येईलच.

लागणारं सामान: लाल लेझर पॉइंटर (एक मिलिवॉटच्या आतला), बारीक तांब्याची तार, पोलरॉइड शीट (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म), पुठ्ठा, पांढरा कागद, अंधार करता येईल अशी खोली. लेझर कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये, वाटेतल्या चकचकीत वस्तू काढून ठेवा.

हिरवा लेझर घेऊ नका. जास्त उजेड पडतो म्हणून लोक तोच सुचवतात, पण स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडू शकतो आणि त्याचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहर ज्या दिशेत कंप पावते ती दिशा, बऱ्याचदा धड एक नसते. या प्रयोगाचा सगळा जीवच ध्रुवणात आहे. आणि पोलरॉइड म्हणून सिनेमाच्या थ्रीडी चष्म्याच्या काचा वापरू नका, त्या बहुतेक वेळा वर्तुळाकार ध्रुवणाच्या असतात. साधी रेषीय शीट हवी: दोन तुकडे एकावर एक धरून एक फिरवला की एका ॲंगलला पूर्ण काळोख झाला पाहिजे, आणि तुकडा उलटा करून धरला तरी तसाच झाला पाहिजे.

आधी नुसती तार

जाड वायर सोलली की आत बारीक तारांचा जुडगा निघतो, त्यातली एक तार घ्या. माझ्याकडची ०.२ मिलिमीटर होती. पुठ्ठ्यात खिडकी कापून तिच्यात ती उभी ताणून चिकटवा, लेझर बरोबर तारेवर पाडा आणि तीन मीटरवर कागद लावा. मधला ठिपका डोळे दिपवतो म्हणून कागदाला तिथे भोक पाडा म्हणजे तो मागे निघून जाईल. भोकाच्या दोन्ही बाजूंना आडवी लाल रेघ दिसेल आणि तिच्यात ठरावीक अंतरावर काळे पट्टे असतील.

शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले कागदापर्यंतचं अंतर भागिले तारेची जाडी. ६५० नॅनोमीटर, ३ मीटर, ०.२ मिलिमीटर टाकलं की पावणेदहा मिलिमीटर येतं. मधल्या ठिपक्याच्या डावीकडचा पहिला काळा पट्टा आणि उजवीकडचा पहिला यांच्यात मात्र याच्या दुप्पट अंतर असतं, ते मोजमापात धरलं तर उत्तर चुकतं.

आता एक कार्ड घेऊन डावीकडून हळूहळू तारेपर्यंत सरकवा. एका बाजूचा प्रकाश अडला की रेघ राहते पण पट्टे जातात. टॉमस यंगने १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, त्याने इंचाच्या तिसाव्या भागाएवढी कार्डाची पट्टी सूर्यकिरणात धरली होती आणि एक बाजू अडवल्यावर सावलीतले पट्टे नाहीसे झाले. म्हणजे पट्टे व्हायला दोन्ही बाजू लागतात. ही तपासणी कंटाळा करून सोडू नका, पुढे तीच वाचवते.

खुणेचा पडदा

पोलरॉइडच्या एकाच तुकड्याचे दोन भाग करा आणि एक भाग नव्वद अंशात फिरवून दुसऱ्याच्या शेजारी लावा, म्हणजे डावीकडून जाणारा प्रकाश उभा ध्रुवित होईल आणि उजवीकडचा आडवा. हाच खुणेचा पडदा. कात्री नको, नवं ब्लेड आणि स्टीलची पट्टी घ्या, कात्रीने कड चुरगळते आणि पांढरी पडते. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत आणि तो सांधा तारेच्या मागे पूर्ण लपला पाहिजे. तार लावण्याआधी नुसत्या सांध्यावर लेझर पाडून बघा, फट राहिली असेल तर ती स्वतःच एका स्लिटसारखी वागून कागदावर वेगळीच रेघ पाडते.

चिकटपट्टी फक्त बाहेरच्या टोकांना. प्रकाशाच्या वाटेत पारदर्शक चिकटपट्टीचा एक थरसुद्धा आला तर ती ध्रुवणाची दिशाच बदलून टाकते. "वरून टेप मारून टाका, घट्ट बसेल" असा सल्ला मला मिळाला होता, तो देणाऱ्याने हा प्रयोग कधी केलेला नसणार.

लेझरचा ॲंगल, इथेच सगळे अडकतात

माझा महिना इथे गेला. पडदा बसवला, तारेवर लेझर पाडला, पट्टे गायब! मी खूश, वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं की खूण लागली आणि पट्टे गेले. मग ती खूण पुसायला पुढे तिसरा तुकडा पंचेचाळीस अंशात धरला तर पट्टे येईनात. तुकडा फिरवून बघितला, बदलून बघितला, पडदा नव्याने कापला, खोली आणखी काळोखी केली, कागद पुढेमागे केला, काही नाही. शेवटी एका रात्री वैतागून पडद्याच्या लगेच मागे कागद धरला तेव्हा दिसलं की उजवीकडून उजेड जवळजवळ येतच नाहीये. लाल लेझर डायोडचा प्रकाश मुळातच एका दिशेत ध्रुवित असतो आणि माझा लेझर नेमका डावीकडच्या तुकड्याच्या दिशेत ठेवला गेला होता, त्यामुळे उजवीकडचा तुकडा त्याला अडवून टाकत होता. म्हणजे खुणेबिणेचा प्रश्नच नव्हता, मी कार्ड सरकवून एक बाजू झाकण्याचाच प्रयोग परत करत होते आणि त्यालाच यश समजून बसले होते.

म्हणून पट्टे गेले एवढ्यावर कधीही विश्वास ठेवू नका. पट्टे शंभर कारणांनी जातात: एक बाजू अंधारी, फिल्म मळकी, तार हलली, लेझर तारेवरून सरकला. पडद्याच्या लगेच मागे कागद धरून दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का हे आधी बघा, आणि माझं तर ठाम मत आहे की पट्टे परत आणून दाखवल्याशिवाय ते घालवल्याचा दावाच करू नये.

ॲंगल लावायचा असा. लेझरसमोर पोलरॉइडचा एक तुकडा धरा जो फक्त उभा प्रकाश जाऊ देतो, आणि पॉइंटर स्वतःभोवती फिरवत राहा, एका जागी ठिपका जवळपास विझेल. तिथे पॉइंटरच्या अंगावर मार्करने वरच्या बाजूला रेघ मारा. आता पॉइंटर तिथून पंचेचाळीस अंश फिरवून पक्का बसवा, चिमटा किंवा मातीचा गोळा काहीही चालेल पण हलता कामा नये. आता दोन्ही तुकड्यांतून सारखा प्रकाश जातो.

पॉइंटर फिरवल्यावर ठिपका कुठेच विझत नसेल तर लेझरचं ध्रुवण धड नाही. अशा वेळी लोक म्हणतात चालवून घ्या, दोन्ही बाजूंनी प्रकाश तर जातोय ना. चालत नाही! पट्टे जातील, पण परत कधीच येणार नाहीत. फ्रेनेल आणि आरागो यांनी १८१९ मध्येच हे छापलं होतं: काटकोनात ध्रुवित झालेले दोन प्रकाश एकमेकांत पट्टे पाडत नाहीत, त्यांना नंतर एका दिशेत आणलं तरी पट्टे तेव्हाच येतात जेव्हा दोन्ही मुळात एकाच ध्रुवित प्रकाशातून निघालेले असतात. म्हणून अशा लेझरपुढे, खुणेच्या पडद्याच्या आधी, पोलरॉइडचा एक जादा तुकडा पंचेचाळीस अंशात लावा. उजेड कमी होईल, होऊ द्या. चौथा तुकडा यासाठीच.

खूण पुसणं

इथवर नीट केलं असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. तार आणि कागद यांच्या मध्ये, शक्यतो तारेच्या जवळ, एक तुकडा पंचेचाळीस अंशात धरा. पट्टे परत येतात. सरळ उभा किंवा सरळ आडवा धरला तर येत नाहीत, कारण तेव्हा एकाच बाजूचा प्रकाश पुढे जातो. पट्टे नुसत्या तारेच्या वेळी होते त्याच जागी नसतील तर घाबरू नका, दोन फिल्मच्या जाडीत किंचित फरक असतो, त्याने अख्खा पॅटर्न बाजूला सरकतो.

आता कागदावर काळ्या पट्ट्यांच्या जागी पेन्सिलने खुणा करा आणि तुकडा नव्वद अंशात फिरवा, म्हणजे उलट्या बाजूचे पंचेचाळीस. जिथे काळं होतं तिथे लाल येतं, लाल होतं तिथे काळं. हे मला अजूनही दर वेळी तितकंच सुंदर वाटतं. तुकडा काढून टाकला की हे दोन्ही पॅटर्न एकमेकांवर पडून सपाट रेघ दिसते, तुकडा लावून त्यातला एक वेगळा काढला एवढंच. पुसण्याने भूतकाळ बदलतो असं कोणी सांगितलं तर त्याला या पेन्सिलच्या खुणा दाखवा.

याच्यावरून काय म्हणता येतं

या सेटअपमध्ये जे दिसलं ते सगळं लहरींच्या हिशोबात बसतं, यावरून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सिद्ध झाला असं म्हणू नका. एक मिलिवॉटचा लाल लेझर सेकंदाला साधारण तीनावर पंधरा शून्यं इतके फोटॉन सोडतो, आणि तीन मीटर जायला प्रकाशाला एक सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो, म्हणजे कुठल्याही क्षणी तार आणि कागद यांच्या वाटेवर तीन कोटींच्या आसपास फोटॉन असतात (पोलरॉइडने काही खाल्ले तरी कोटीच्या घरातच). "एक एक फोटॉन जातोय" असं घरच्या लेझरकडे बोट दाखवून सांगणं चूक आहे.

पण एक एक केलं तरी पट्टे येतात हे दुसऱ्यांनी करून दाखवलंय. जी. आय. टेलरने १९०९ मध्ये सुईच्या सावलीचे पट्टे इतक्या मंद प्रकाशात घेतले की एका फोटोला तीन महिने लागले, आणि पट्टे तितकेच स्पष्ट होते. मंद प्रकाश म्हणजे खात्रीने एकेकटा फोटॉन असं होत नाही, ती खात्री १९८६ मध्ये ग्रांजिए, रोजर आणि आस्पे यांच्या प्रयोगाने दिली: बीम स्प्लिटरवर (प्रकाश दोन वाटांत विभागणाऱ्या काचेवर) फोटॉन अर्धा अर्धा होत नाही, इकडे किंवा तिकडेच सापडतो, आणि दोन्ही वाटा परत एकत्र आणल्या की त्याच फोटॉनांचे पट्टे जमतात. इलेक्ट्रॉनचंही तेच. १९८९ मध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉनचा ठिपका पडताना टिपला, सुरुवातीला नुसते विखुरलेले ठिपके, हजारो जमल्यावर त्यातून पट्टे. १९९९ मध्ये व्हिएन्नात प्रत्येकी साठ कार्बन अणूंच्या आख्ख्या रेणूंचे पट्टे मिळाले.

या सगळ्यांत नियम तुमच्या टेबलावरचाच: वाटेची खूण कुठेतरी उरली तर पट्टे नाहीत, मग ती खूण कोणी वाचो न वाचो. तुम्हीही मघाशी ध्रुवण मोजलं नव्हतं, कोणत्या बाजूचा प्रकाश कुठे पडला ते तपासलं नव्हतं, तरी पट्टे गेलेच.

एवढं करूनही कोणाला वाटलं की पुसणारा तुकडा प्रकाश नुसता "सरळ करतो" म्हणून पट्टे येतात, तर त्याच्यासमोर तोच तुकडा त्याच पंचेचाळीस अंशात उचलून तारेच्या पुढून मागे, लेझर आणि पडदा यांच्यामध्ये लावा. पट्टे येत नाहीत, कारण त्याच्यानंतर पडदा पुन्हा खूण लावतोच.