पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलताना

पॅडवरील घर्षणाचा थर ३ मिलिमीटरपर्यंत झिजला, की पॅड बदलावेत. डिस्कची (चाकासोबत फिरणाऱ्या, पॅड जिच्यावर दाबले जातात त्या चकतीची) किमान जाडी मात्र बहुधा तिच्यावरच कोरलेली असते आणि ती मोजूनच निर्णय घ्यावा. काम नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच करावे, अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

गाडी जॅकने उचलल्यावर स्टँडवर टेकवल्याशिवाय चाक काढू नये. सोडवलेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन सावकाश आत दाबताना टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते, तेव्हा ते सांडून रंग खराब होणार नाही याकडे लक्ष असावे. नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबवरील (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरील) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण घासून काढावा, कारण तिथे राहिलेला बारीकसा कणही डिस्क किंचित तिरकी बसवतो आणि पुढे पेडल थरथरू लागते. कंटाळून हीच पायरी अनेकजण टाळतात. नव्या डिस्कवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे.

शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे.