एलसीए शिकताय? मग फाटकातून काय बाहेर गेलं ते आधी विचारा

लाइफ सायकल असेसमेंट (एलसीए), म्हणजे एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत पर्यावरणावर किती ओझं टाकते याचा हिशेब. त्याकडे वळायचं ठरवलं असेल, तर त्याचे चार टप्पे एव्हाना तुम्हाला पाठ असतील. आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकातली ती चौकोनांची आकृती प्रत्येक पीपीटीत असतेच. त्यात मी वेळ घालवत नाही. फंक्शनल युनिटबद्दल, म्हणजे तुलनेसाठी धरायच्या एककाबद्दल, मात्र एक सांगते. जेवणाच्या ताटल्यांची तुलना करताना ‘एक ताटली’ हे एकक धरू नका, ‘एका माणसाचं एक जेवण’ धरा. स्टीलचं ताट वर्षानुवर्षं पंगती उठवतं, पण दर पंगतीला ते घासावं लागतं. ते पाणी, तो साबण हिशेबात आला पाहिजे. हे बहुतेकांना पहिल्या महिन्यात जमतं.

जमत नाही ते ॲलोकेशन, म्हणजे ओझ्याची वाटणी. एका प्रक्रियेतून चार वस्तू निघत असतील, तर ओझं कुणाच्या माथी किती मारायचं? मला हे बगॅसपासून, म्हणजे उसाचा रस काढून उरलेल्या चोथ्यापासून, केलेल्या ताटल्यांनी शिकवलं, आणि चांगलंच रडवून शिकवलं. म्हणून इथे जरा लांबण लावते, कंटाळू नका.

एक टन ऊस गाळला की ढोबळमानाने १०५ किलो साखर, ४५ किलो मोलॅसिस आणि ३०० किलो ओला बगॅस मिळतो. (रस गाळून उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, सध्या सोडून देऊ.) शेतातला युरिया, उपशाची वीज, ऊसवाहतूक हे सगळं ओझं या तिघांत वाटायचं. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, तेव्हा हे ओझं किरकोळ नाही. वजनाने वाटलं तर बगॅसकडे ६७ टक्के जातं. म्हणजे साखर कारखाना मुख्यतः बगॅस बनवतो आणि जाता जाता थोडी साखर काढतो, असा अर्थ झाला! किमतीने वाटून बघू. उदाहरणापुरते साखर ३८ रुपये, मोलॅसिस १० रुपये आणि बगॅस अडीच रुपये किलो धरा. आता बगॅसचा वाटा साडेचौदा टक्क्यांच्या आत येतो. ‘टाकाऊ माल आहे’ म्हटलं तर शून्य. ताटलीवाल्यांना अर्थातच शून्य आवडतं.

माझा अहवाल इथपर्यंत ठीक होता. रिव्ह्यूला बसलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, “यातला बगॅस कारखान्याच्या फाटकाबाहेर किती गेला?”

बहुतेक बगॅस कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो. त्याच वाफेवर मिल चालते, रस आटतो. तो सहउत्पादन नाही, घरचं इंधन आहे. विकला जातो तो फक्त शिल्लक बगॅस. समजा ३०० पैकी ३० किलो विकला. मग वाटणी १०५, ४५ आणि ३० अशी होते आणि वजनाने बगॅसचा वाटा ६७ वरून १७ टक्क्यांवर उतरतो. बघून हायसं वाटतं, पण हुरळू नका. तो वाटा आता ३०० नव्हे, ३० किलोंवर बसलाय. आधी एक किलो बगॅस एकूण ओझ्याचा ४५०वा भाग उचलत होता, आता १८०वा उचलतो. टक्केवारी घसरली आणि किलोमागचं ओझं अडीच पट झालं. ताटली किलोने बनते, टक्क्यांनी नाही. हे वाक्य मी माझ्या एक्सेलच्या पहिल्याच शीटवर लिहून ठेवलंय.

याच ३० किलोंचा किमतीने हिशेब केला, तर किलोमागचं ओझं वजनाच्या हिशेबापेक्षा सुमारे दहा पट कमी येतं. कारखाना तोच, बगॅस तोच, कच्च्या मालाचा आकडा दहा पट इकडे-तिकडे. बगॅसमधलं निम्मं वजन पाण्याचं असतं, तेव्हा वजन ओलं धरलं की सुकं, हा वाद आणखी वेगळा.

घाबरून पळू नका. आयएसओ १४०४४ ने क्रम लावून दिलाय. आधी वाटणी टाळता येते का ते बघा, नाहीतर भौतिक संबंधाने वाटा, तेही जमलं नाही तर किमतीसारख्या दुसऱ्या नात्याने. एकाहून जास्त पद्धती लागू पडत असतील, तर त्या करून निकाल किती हलतो ते दाखवणं बंधनकारक आहे. म्हणजे एकच बरोबर आकडा शोधून काढायची जबाबदारी तुमच्यावर नाही. दोन्ही आकडे मांडा. क्लायंटचं तोंड वाकडं होईल, होऊ द्या.

त्यापुढचा प्रश्न असा, की बगॅस ताटलीकडे वळवला आणि कारखान्याची बगॅस जाळून होणारी सहवीजनिर्मिती घटली, तर ग्रिडला ती वीज कोण देणार? आपल्याकडे बहुतेक वेळा कोळसा. हा कॉन्सिक्वेन्शियल प्रकारचा, म्हणजे एका निर्णयामुळे बाहेर काय काय बदलतं ते बघणारा, प्रश्न आहे. सुरुवातीच्या प्रोजेक्टमध्ये त्यात उडी मारू नका, पण अहवालात त्याची नोंद हवी.

आता थोडं माझं मत. महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे उधळू नका. ओपनएलसीए हे एलसीएचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर हात बसवा. इकोइन्व्हेंट या तयार आकड्यांच्या डेटाबेसला पैसे पडतात, कॉलेजकडे लायसन्स आहे का ते आधी विचारा. त्यातही कट-ऑफ, कॉन्सिक्वेन्शियल अशी ओझं वाटण्याची वेगवेगळी मॉडेल्स आहेत. कोणतं उतरवलं हे लिहून ठेवलं नाही, तर सहा महिन्यांनी तुमचेच आकडे तुम्हाला जुळणार नाहीत. गुगलवरून एमिशन फॅक्टर (किलोमागे किंवा युनिटमागे किती उत्सर्जन, तो आकडा) उचलणारे सीनिअर प्रत्येक ऑफिसात भेटतील, त्यांच्याकडून चहा घ्या, फॅक्टर घेऊ नका. सेबीने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचं केल्यापासून या क्षेत्रात गर्दी वाढली आहे, कच्चं काम करणारेही वाढले आहेत. नीट काम करणाऱ्याला जागा आहे, फक्त पहिल्या वर्षी पगाराकडे फार बघू नका.

आणि गुरू शोधायचाच तर कारखान्याचा चीफ केमिस्ट शोधा. पण ऐन गाळप हंगामात जाऊ नका, त्याला मान वर करायला वेळ नसतो. हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये जा आणि आरटी-८(सी), म्हणजे कारखान्याचा हंगामाअखेरचा उत्पादन अहवाल, बघायला मागा. गाळप, उतारा, मोलॅसिस, बगॅस सगळं त्यात सापडतं. विकलेल्या बगॅसचा आकडा मात्र वेगळा विचारा, आणि तो वजनकाट्यावरच्या बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदींशी ताडून घ्या.